जर्सीतली परसबाग आणि ससे: जीव न घेता मेथी वाचवायची कशी?

मेघना_जर्सी

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले. हरणांवर दोन-तीन सापडले, सशांवर एकही नाही, म्हणून नवा काढतेय.

गेल्या पानगळीत आम्ही मध्य न्यू जर्सीत अपार्टमेंट सोडून घरात आलो. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी केलेला १० बाय १२ फुटांचा वाफा आहे, जमिनीलगतचा, लाकडी चौकट वगैरे काही नाही. एप्रिलअखेर मेथी, कोथिंबीर आणि लाल माठ पेरला. थंडी पुरती सरल्यावर चवळी आणि फरसबी लावली. मेथी छान दाट उगवली होती. परवा सकाळी चहाचा कप घेऊन गेले तर अर्धा वाफा भुईसपाट! चवळीचे नुसते दांडे उभे, तेही कात्री लावल्यासारखे. माठाकडे बघवत नाही. टोमॅटोच्या रोपांना मात्र कुणी हात (तोंड) लावलेला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आरोपी दिसला. करड्या-तपकिरी रंगाचा ससा, शेपटीखाली पांढरा गोंडा. आमच्या हिरवळीवर निवांत बसला होता. माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं लगेच त्याचं नाव 'गोट्या' ठेवलं, त्यामुळे आता गोट्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये असा घरात हुकूम आहे. मलाही तो लागायला नकोच आहे. पण मेथी इथे जुडीला काय भावाने मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

सल्ले भरपूर मिळाले. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, त्या म्हणतात वाफ्याभोवती डांबरगोळ्या टाक. शेजारचे आजोबा पिंजरा उसना द्यायला तयार आहेत, "पकड आणि पार्कात सोडून ये." नवऱ्याने प्लास्टिकचं घुबड मागवलंय. कुणी सांगतं झेंडू लाव, कुणी सांगतं सलूनमधून केस आणून पसर. सोसायटीचा (एचओए) नियम असा की कुंपण फक्त मागच्या बाजूला, तेही ४ फुटांपेक्षा उंच नको.

यातलं खरोखर काय चालतं? विष नको, पिंजरा शक्यतो नको, आणि आम्हाला जमेल एवढ्या खर्चात.

---

खादाडबोका

दोन ओळी गोट्याच्या नावानं जास्तीच्या पेरा, विषय संपला. (हलके घ्या.)

आमच्याकडे एक जण लाल तिखट भुरभुरवतात. चालतं म्हणे, पाऊस पडेपर्यंत.

---

सुलभामावशी

मेघना, मी इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर उपक्रमात स्वयंसेवक आहे. बागेच्या शंका विचारायला लोक फोन करतात, ते फोन आम्ही घेतो. मे लागला की सशांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला वाटतं की यंदा आपल्याकडेच जास्त आलेत. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिलं काम म्हणजे चोर नक्की कोण ते ठरवणं. तुझ्याकडे ससाच आहे असं वाटतं, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवते. सशाचे वरचे-खालचे दात धारदार असतात, त्यामुळे दांडा तिरका आणि स्वच्छ कापला जातो. हरणाला पुढचे वरचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून तिथे दांड्याची टोकं फाटलेली, चिंध्या झालेली दिसतात. रोप जमिनीलगत कापून शेजारीच आडवं पडलेलं असेल, खाल्लेलं नसेल, तर ती कटवर्म नावाची अळी. माती बोटानं उकर, करडी वेटोळी घातलेली सापडेल. आणि भर दिवसा अख्खी वेल गडप झाली असेल तर ग्राउंडहॉग (मांजराएवढा, बिळात राहणारा जाडा प्राणी). तो कुंपणावर चढतो आणि खालून खणतोही, त्याचं प्रकरण वेगळं, त्यावर इथे बोलत नाही. वाफ्याजवळ वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असतील तर ससा नक्की.

तुमचा गोट्या म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल. त्याला खाताना एकदा नीट बघ. पान कुरतडत बसत नाही. दांडा बुडाशी कापतो, कापलेलं टोक तोंडात धरतो आणि जबडा भराभर चालवत आख्खी काडी आत ओढून घेतो. शेवटचं पान ओठाआड गेलं की पुढची काडी. मेथीची ओळ एका रात्रीत कशी जाते ते तेव्हा कळतं.

आता सल्ल्यांचं बघू. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि डांबरगोळ्यांचा पुडा कपाटात परत ठेवायला सांग. या देशात डांबरगोळी हे नोंदणीकृत कीटकनाशक आहे, बंद डब्यात कपड्यांबरोबर वापरायचं. लेबलावर लिहिलंय त्याखेरीज दुसरीकडे, म्हणजे बागेत टाकणं, कायद्यानं चालत नाही. ते सोडलं तरी गोळी मातीत विरते आणि त्याच मातीतली मेथी आपण खाणार. शिवाय पाच वर्षांच्या मुलीला पांढरी गोळी पेपरमिंटसारखीच दिसते. ससा एवढं करून दोन दिवस लांबून जातो आणि परत येतो.

घुबडाला सशानं ओळखायला आठवडा पुरतो. नवऱ्याला सांग, रोज जागा बदलली तर आणखी थोडा. झेंडू छान दिसतो, जरूर लाव, पण कोवळं रोप असेल तर ससा झेंडूच खातो. केस, साबणाच्या वड्या, जमिनीत खोचायची आवाजाची यंत्रं, सगळ्यांची तीच गत. काहीतरी नवीन आहे म्हणून सुरुवातीला बिचकतात, आणि लोक तेवढ्यावर "आमच्याकडे चाललं" असं लिहून मोकळे होतात.

पिंजऱ्याला माझा साफ विरोध. एकतर बऱ्याच राज्यांत जंगली जनावर पकडून दुसरीकडे सोडायला परवानगी लागते, आपल्याकडेही. दुसरं, हे दिवस विणीचे. पकडलेली मादी असली तर तिची पिल्लं मागे घरट्यात उपाशी मरतात, आणि तुला कळणारही नाही. तिसरं, अनोळखी जागी सोडलेल्या सशाला ना लपायची जागा माहीत ना खाण्याची. कोल्हा आणि ससाणे पार्कातही असतात. आणि इकडे तुझ्या अंगणात रिकामी झालेली जागा पंधरवड्यात दुसरा भरून काढतो.

चालते ती जाळी. पण नीट लावलेली.

तुझं माप धरून सांगते. १० बाय १२ म्हणजे परीघ ४४ फूट. हार्डवेअरच्या दुकानात चिकन वायरची ५० फुटी गुंडाळी मिळते, ३ फूट रुंदीची घे. भोकं १ इंचाची, त्याहून मोठी नकोत, कारण जूनमधली पिल्लं २ इंचांच्या भोकातून आरामात आरपार जातात. हिरव्या प्लास्टिकचा लेप असलेली घेतलीस तर लांबून दिसतही नाही आणि गंजतही नाही लवकर. ३ फुटांपैकी २६ इंच उभी राहणार आणि उरलेली १० इंच खाली काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरायची. बाहेरच्या, आतल्या नाही. लोक इथेच गडबड करतात. कॉटनटेल काही फार उंच उड्या मारून कुंपण ओलांडत नाही, त्याला २ फूट पुरतात. तो जाळीच्या पायथ्याशी येतो आणि तिथेच उकरायला लागतो. पायाखाली जाळी लागली की सोडून देतो. दहा इंच मागे सरून तिथून खणावं हे त्याच्या डोक्यात येत नाही.

जाळी वळवायची युक्ती: गुंडाळी उलगडली की ती परत गुंडाळायला बघते, म्हणून दोन्ही टोकांवर विटा ठेव. दहा इंचांवर एक लांब फळी ठेव, तिच्यावर तुम्ही दोघं उभे राहा आणि बाहेर राहिलेला भाग हातानं वर उचलत जा. कातडी हातमोजे घाल, कापलेल्या तारांची टोकं फार टोचतात. पसरलेला भाग यू आकाराच्या पिनांनी हात-हात अंतरावर जमिनीत ठोकून टाक. महिन्याभरात त्यातून गवत वर येतं आणि जाळी नाहीशी होते, वरून गवत कापायचा मोअरही जातो. पिना ढिल्या राहिल्या तर मात्र मोअरचं पातं जाळी उचलेल, तेव्हा हे काम आळस न करता. दर ५-६ फुटांवर खुंट, जाळी त्यांना झिप टायने बांध. कोपऱ्यावर आडवी जाळी कापावी लागते आणि तिथे चौकोन उघडा राहतो, तो उरलेल्या जाळीच्या तुकड्यानं झाक, फट ठेवू नकोस.

आणि फाटक. सगळं कुंपण उत्तम असतं आणि ससा फाटकाखालून जातो. चौकटीखाली जमिनीत एक फळी उंबऱ्यासारखी पुर, फाटक तिला टेकलं पाहिजे. किंवा फाटकच करू नकोस. २६ इंचांवरून तंगडी टाकून जाता येतं, सासूबाईंना जमणार नसेल तर त्यांच्यासाठी एका बाजूची जाळी खुंटावरून काढता-अडकवता येईल अशी हुकावर ठेव.

हे सगळं मिळून एका शनिवारचं काम आहे. दुसरी पेरणी करशील ती जाळी उभी राहिल्यावर. उगवल्यावर बघू म्हणालीस तर दोन पानांची मेथी परत त्याच्याच पोटात जाईल.

टोमॅटो, मिरची, वांगं, कांदा, लसूण, काकडी, बटाटा यांना तो सहसा शिवत नाही, ती जाळीबाहेर ठेवलीस तरी चालेल. आत हवी ती मेथी, माठ, सगळ्या शेंगा, बीट, गाजर, कोथिंबीर, कोबी.

हिरवळीत पांढऱ्या फुलांचं क्लोव्हर उगवलं असेल तर ते मारायला औषध फवारू नकोस. सशाला ते गवतापेक्षा आवडतं. तिथे पोट भरलं की इकडे फेऱ्या कमी होतात.

---

जर्सीतला_जोशी

मावशी, बहुतेक सगळं पटलं, पण फवाऱ्यांना तुम्ही उगाच झोडताय. मी अंड्यापासून केलेला तो वासाचा फवारा तीन-चार वर्षं वापरतोय. माझ्या होस्टा आणि ट्युलिपना अजिबात धक्का नाही. एक दिवस घाण वास येतो, मग आपल्याला येत नाही, सशाला येत राहतो. ४४ फूट जाळी ठोकण्यापेक्षा बरं.

---

सुलभामावशी

जोशीबुवा, फवाऱ्याचं नावही मी काढलेलं नाही, पण काढलंत तर बोलते. फुलझाडांना तो चालतो हे खरं आहे. सडक्या अंड्याच्या वासावरून जनावराला वाटतं इथे कुणीतरी मांसाहारी वावरतंय. पण तो प्रत्येक मोठ्या पावसानंतर परत मारावा लागतो, आणि नवीन फुटलेल्या पानावर तर नसतोच. ट्युलिपला पानं एकदाच येतात. मेथी-माठ रोज नवीन पान काढतात. आणि मुख्य म्हणजे तुम्ही होस्टाची भाजी करत नाही. खाण्याच्या पानांवर काय चालतं ते त्या-त्या बाटलीच्या लेबलावर बघावं लागतं, आणि चाललं तरी सडक्या अंड्याच्या वासाची मेथी मेघनाच्या घरी कोण खाणार?

तिखटाचंही तेच. त्यात वारा सुटला की पहिलं आपल्या डोळ्यात.

---

केंटमधला_मी

इंग्लंडमधून एक सूचना, कुणी हा धागा इथून वाचत असेल तर. मावशींचं २६ इंचांचं माप आमच्याकडे वापरू नका. इथला ससा वेगळ्या जातीचा आहे, कळपानं राहतो आणि खरोखरची बिळं खणतो. आमच्या ॲलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा) जाळी ३ फूट उंच, भोकं ३ सेंटिमीटरच्या आसपास आणि खालची वीतभर जाळी बाहेर वळवून मातीखाली पुरलेली असते. तत्त्व तेच, मेहनत जास्त. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून चर खणला, नंतर कुणाचीच पाठ सरळ होत नव्हती.

---

माणदेशी_गडी

वाचून मजा वाटली. आमच्याकडं हरभऱ्याला कोंब फुटला की ससा येतो, भुईमुगातही येतो. पण एकराच्या रानाला जाळी कोण लावणार? आमच्या भागात लोक जुन्या साड्या बांधतात. बांधाच्या कडेनं काठ्या रोवायच्या आणि साडी आडवी ताणायची. रानडुकरासाठी करतात, ससाही थोडा थबकतो. वाऱ्यानं फडफडते तोवर ठीक, मग त्यांना सवय होते आणि साडीही उन्हानं विरते. बायका म्हणतात, आमच्या साड्या नेसून जुन्या होईनात, हे आधीच पळवतात.

बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण त्याहून चांगलं, पण त्या फांद्या तोडायला आता माणूस मिळत नाही.

काही जण फासकी लावतात. ते करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सशाची शिकार गुन्हा आहे, आणि फासात ससाच अडकेल असं कुठं लिहिलंय? कुत्रं अडकतं, मांजर अडकतं. आणि तारेत वीज सोडणारे तर माणसं मारतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

एक सांगतो ताई, पिल्लांची काळजी करू नका. आमचा ससा बीळ-बीळ काही करत नाही, गवतात उघड्यावरच पिल्लं घालतो. पिल्लं डोळे उघडे घेऊनच येतात, अंगावर केस असतात, लगेच हिंडायला लागतात. कुंपण घाला बिनधास्त.

---

मेघना_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. डांबरगोळ्या कपाटात गेल्या. (सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या वेळी सगळं चालायचं.") घुबड आलंय, ते लेकीनं तिच्या खोलीत नेलं.

शनिवारी जाळी आणली, खुंट रोवले. रविवारी सकाळी वाफ्याच्या कडेनं जमीन सपाट करत होते, तर मागच्या कोपऱ्यात, संपलेल्या माठाच्या जागी, वाळक्या गवताचा एक गोल चट्टा दिसला. मला वाटलं हिरवळीचा मेलेला तुकडा उडून आलाय. खुरप्यानं जरा बाजूला केला तर खाली करडा कापूस, आणि तो कापूस हलतोय. आत चार पिल्लं, बोटाएवढी, डोळे मिटलेले, अंगावर केस जवळजवळ नाहीतच. घाबरून गवत तसंच परत झाकलं. आईचा पत्ता नाही, दिवसभरात एकदाही आली नाही, आम्ही आळीपाळीनं खिडकीत बसून होतो.

माणदेशी दादा म्हणतात पिल्लं केसांसकट डोळे उघडे घेऊन येतात. मग ही आजारी आहेत का? मी गवताला हात लावला म्हणून आई टाकून गेली का? लेक दूध पाजायचं म्हणून मागे लागलीय. आणि कुंपणाचं काय करू? तिन्ही बाजूंची जाळी लागलीय, फक्त घराकडची बाजू बाकी आहे.

---

सुलभामावशी

मेघना, पहिली गोष्ट: चौथी बाजू लावू नकोस. खुरपं खाली ठेव आणि वाच.

पिल्लं आजारी नाहीत. माणदेशी गड्याचं म्हणणं त्याच्या सशाबद्दल बरोबर आहे. आपल्या देशातला तो रानससा मोठा, लांब तंगड्यांचा, त्याची पिल्लं तयार होऊनच बाहेर येतात. कॉटनटेलची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. मादी जमिनीत जेमतेम काही इंच खोल खळगा करते, त्यात गवत आणि स्वतःच्या अंगाची लव उपटून घालते, वरून झाकते. तू पाहिलास तो करडा कापूस म्हणजे आईचेच केस.

आई दिवसभर दिसली नाही हे बरोबरच आहे. ती घरट्यावर बसत नाही. बसली तर कोल्ह्याला, मांजराला, ससाण्याला पत्ता मिळेल. पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. तुम्ही खिडकीत उजेडात बसलात, ती अंधार पडल्यावर आली असणार. हात लावला म्हणून आई पिल्लं टाकते ही समजूतच आहे, एकदा गवत सारलंस म्हणून ती जाणार नाही. पण परत परत उघडून बघू नका, लेकीलाही नाही.

खात्री करायची असेल तर हे कर. आज संध्याकाळी घरट्यावरच्या गवतावर शिवायच्या दोऱ्याचे तुकडे आडवे-उभे फुलीसारखे ठेव. उद्या सकाळी लांबूनच बघ. दोरे सरकलेले असतील तर आई येऊन गेली. दोरे जसेच्या तसे असतील आणि पिल्लं सुरकुतलेली, गार पडलेली असतील, तरच परवानाधारक वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला (जखमी-पोरक्या वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्याला) फोन करायचा. दूध अजिबात पाजायचं नाही. गाईचं दूध त्यांना सोसत नाही, आणि अननुभवी माणसानं पाजलं तर श्वासनळीत जातं. लेकीला सांग, गोट्याची आई (बहुतेक गोट्याच आई आहे) पाजते, आपण राखण करायची.

आता कुंपण. तीन बाजू झाल्यात त्या राहू देत, चौथी उघडी हवी. चारी बाजू बंद केल्यास तर आई बाहेर आणि पिल्लं आत, म्हणजे पिंजऱ्यात जे झालं असतं तेच. पिल्लं वाढतात फार भराभर. आठवड्याभरात डोळे उघडतात आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत घरटं सोडतात. सोडतात तेव्हा टेनिसच्या चेंडूएवढीच असतात, कान उभे, आणि लोकांना वाटतं ही हरवलीत, मग उचलून आणतात. उचलायची नाहीत. त्या आकाराचा ससा स्वतःचं स्वतः खातो.

घरटं रिकामं झालं की त्याच दिवशी चौथी बाजू ठोक. उद्यावर टाकू नकोस, कारण मादी विल्यावर लगेच परत गाभण राहू शकते आणि साधारण चार आठवड्यांत पुढचं वेत येतं. सप्टेंबरपर्यंत हे चालू असतं. तुझ्या कोपऱ्यात तिला एकदा निवांत मिळालंय. ठोकायच्या आधी आत कुणी राहिलं नाही ना ते वाफाभर फिरून बघ, पानांच्या ढिगाखालीही.

तोवर त्या कोपऱ्यापासून सगळीकडून ४-५ फूट काही करायचं नाही. चार काड्या रोवून रंगीत चिंध्या बांध. तुमचं गवत कापायला बाहेरचा माणूस येत असेल तर त्याला स्वतः दाखव, नुसता मेसेज पाठवू नकोस. दर मे महिन्यात मोअरखाली घरटी जातात आणि मग लोक रडत फोन करतात, तेव्हा आमच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. शेजारचा कुत्रा मोकळा येत असेल तर दिवसा घरट्यावर कपड्यांची प्लास्टिकची टोपली उपडी घाल, वर वीट ठेव, आणि तिन्हीसांजेच्या आधी आठवणीनं काढ.

मेथीचा हा हंगाम हातचा घालवायचं कारण नाही. खोल ट्रे किंवा कुंड्या घे आणि डेकवर टेबलावर ठेव. मेथीला चार-सहा इंच माती पुरते, कोथिंबिरीला जरा जास्त. टेबलावर तो चढत नाही. जूनच्या उन्हात दोन्ही पटकन फुलावर जातात, तेव्हा दुपारची सावली मिळेल अशा बाजूला ठेव. चवळी जाळी पुरी झाल्यावर पेर, तिला उशीर चालतो, उलट माती तापलेलीच आवडते.

---

जर्सीतला_जोशी

मावशी, सपशेल शरणागती. टोपलीची कल्पना आमच्या शेजाऱ्यांना कळवतो. त्यांच्याकडे बीगल कुत्रा आहे आणि दर वर्षी तमाशा होतो.

---

माणदेशी_गडी

असं होय. तिकडच्या सशाचं सगळंच निराळं दिसतंय. ताई, राखणीला शुभेच्छा.

---

मेघना_जर्सी

दोरे सरकले!! एक तर पार गवतात ओढला गेलाय. सासूबाई सकाळी सहाला स्वेटर घालून बघायला गेल्या होत्या, आता त्याच सगळ्यांना घरट्यापासून लांब हाकलतायत. गवतवाल्याला काड्या दाखवल्या. तो म्हणाला, या भागात त्याला हे नवीन नाही, मागच्या अंगणाचा तेवढा तुकडा तो सोडून देईल.

एक शंका. डेकच्या खाली चार-पाच इंचांची फट आहे, आई तिथूनच येत असावी असं नवरा म्हणतो. तीही जाळीनं बंद करू का?

---

सुलभामावशी

आत्ता नाही. ती तिथे लपत असेल तर आत कोंडली जाईल. डेकखालची फट बंद करायची ती पानगळीत, विणीचा हंगाम संपल्यावर आणि कडक थंडी पडायच्या आत. त्याआधी फटीत दोन दिवस वर्तमानपत्राचे बोळे खुपसून ठेवायचे. जागेवर राहिले तर आत कुणी नाही, बाहेर ढकलले गेले तर थांबायचं. तिथे मात्र चिकन वायर नको, अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड वेल्डेड जाळी लाव, कारण तिथे ग्राउंडहॉगही राहायला येतो.

चौथी बाजू लावलीस की फोटो टाक. मला फाटकाखालचा कोपरा बघायचाय.